पाचवं बोट

तानाबाईच्या चटणीची ओळख कोल्हापुरात कुणाला करून द्यावी लागत नाही. लाल पाकीट, पाकिटावर जुना काळा-पांढरा फोटो आणि फोटोत उखळाशी दोन बायका. मुसळ घेऊन उभी आहे ती तानाबाई. खाली बसून जिनं उखळात हात घातलाय ती तिची थोरली सून बाळाबाई. छपाई असली दिव्य की एकीचं नाक दुसरीच्या कानाला चिकटलेलं. तरी लक्ष्मीपुरीच्या बाजारात बाळाबाई पिशवी घेऊन शिरली की भाजीवाल्या ओरडायच्या, "आल्या बघा पाकिटावरच्या बाई!" नवरा जाऊन जमाना झालेली, पोटी पोर नसलेली ही बाई त्या एका हाकेवर अख्खा आठवडा काढायची. खोटं कशाला सांगू.

आता उखळ-मुसळ ज्यांनी नुसतं प्रदर्शनात बघितलंय त्यांच्यासाठी एक सांगायला पाहिजे. मुसळ मारणारीचं काम कष्टाचं, पण बसणारीचं काम जिवावरचं. मुसळ वर गेलं की कडेला उडालेली मिरची हातानं आत लोटायची आणि मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर काढायचा. बोलायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही, नुसता ताल धरायचा. एकटीनं कांडायला घेतलं तर निम्मी मिरची अंगणात आणि निम्मी डोळ्यात. म्हणून कांडायला कायम दोघी.

नवी सून असताना एका उन्हाळ्यात तानाबाईला मधेच ठसका लागला, ताल चुकला, आणि बाळाबाईच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुसळाखाली आलं. दवाखान्यात ते काढूनच टाकलं, बुडाशी अर्धं पेर तेवढं राहिलं. जखम भरली तशी बाळाबाई परत उखळाशी जाऊन बसली. तानाबाईचा हात काही उचलेना. एवढी खमकी बाई, पण मुसळ धरून रडायला लागली. तेव्हा बाळाबाई म्हणाली, "उचला आत्याबाई. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालंल?"

त्या दिवसापासनं तानाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्या चटणीत माझ्या सुनंचं बोट हाय." वर्षानुवर्षं सांगत होती. तिचा नातू राजवीर धंद्यात आला तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर आज्जीचं हे वाक्य बंद केलं. "आज्जी, असलं कुणाफुडं बोलू नगंस. लायसन जाईल आपलं."

राजवीर म्हणजे बाळाबाईच्या धाकट्या दिराचा पोरगा. पोरगा कामाचा, उगाच नावं ठेवणार नाही. बाळाबाईच्या मांडीवर वाढला, तिला मोठी आई म्हणतो, आजही तिच्या हातची आमटी असेल तर एक भाकरी जास्त खातो. आज्जी गेल्यावर त्यानं धंदा असा पळवला की बघत राहावं. हातकणंगल्याच्या अलीकडं जागा घेतली, कारखाना बांधला, मशिनी आणल्या. दारावर मोठा बोर्ड लावायचा म्हणून पाकिटावरचा फोटो मोठा करून बघितला, आणि तिथं घोडं अडलं. तानाबाईच्या तोंडावर कुणीतरी फरशी बसवावी तसे चौकोनच चौकोन. नाक कुठलं आणि नथ कुठली, कळायला मार्ग नाही.

"मूळ फोटो लागतोय, मोठी आई," राजवीर म्हणाला. "त्याच्यावरनं नवीन चित्र काढून घ्यायचं."

मूळ फोटो जगात एकच. तो बाळाबाईच्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, पाव्हण्याचा कॅमेरा मागून काढलेला. फोटो काढला आणि त्यानंतर ज्ञानू फार दिवस राहिला नाही. पहिलं पाकीट छापलं तेवढ्यापुरता तो बाहेर निघाला, एरवी लग्नातल्या शालूच्या घडीत तिनं तो जपला होता आणि कुणाच्या हातात द्यायची नाही. कागद आपल्या मुठीत आहे तोवर चित्र आपल्या मुठीत, असा तिचा भोळा हिशोब.

"नवीन चित्रात दोघी ऱ्हाणार न्हवं?" तिनं विचारलं.

"आगं, म्हंजे काय! दोघींबिगर आपली चटणी हुती व्हय?"

"मग मी बी येतो संगं. फोटो मीच धरतो."

कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी धरतो. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, तर येऊ द्या.

शाहूपुरीतल्या एका गल्लीत सोमेशचं दुकान. सोमेश मूळचा कुरुंदवाडचा, घरात निम्मं कानडी. दिवसभर कॉम्प्युटरवर बसून लोकांच्या फोटोंच्या रेघा करणं हाच त्याचा धंदा. दारात राजवीरनं ओळख करून दिली ती ऐकण्यासारखी होती. "ह्या आमच्या घरातल्याच." बस्स. मोठी आई नाही, चुलती नाही, फोटोतली बाई तर नाहीच नाही. बाळाबाईनं ते ऐकलं आणि गिळलं. पोरगं गडबडीत आहे, असं मनाला सांगितलं. मग राजवीर खोकी छापणाऱ्याकडं निघून गेला आणि ती सोमेशच्या शेजारी खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर, फोटो पिशवीत, हात पिशवीवर.

"फोटो द्या की, आक्का."

"परत देणार न्हवं?"

"ह्यो काय, हितंच तुमच्यासमोर मशिनीत घालतो आणि देतो."

काचेवर फोटो उपडा पडला, खालून उजेड सरकत गेला, फोटो परत तिच्या हातात आला. एवढ्याशा वेळात काय होणार, असंच तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पडद्यावर फोटो आला तशी ती पुढं सरकली. सोमेश तो मोठा करत गेला. आधी पदर दिसला, मग पदराचे नुसते काळे-पांढरे चौकोन.

"आक्का, फोटो म्हंजे नुसतं ठिपकं असत्यात," सोमेश म्हणाला. "मोठा केला की ठिपकं मोठं होत्यात आणि चित्र फाटतंय. रेघेचं तसं न्हाय. रेघ एकदा बसली की तिळाएवढी करा न्हाय तर जोतिबाच्या डोंगराएवढी करा, मोडत न्हाय."

"म्हंजे रांगोळीच की रं. ठिपकं मांडायचं, रेघ ओढायची आणि नगं ते ठिपकं पुसायचं."

"बरोब्बर बोलला!"

आधी त्यानं मशिनीलाच करायला सांगून बघितलं. एक बटण दाबलं आणि जे काही निघालं ते बघून दोघंही हसली. दोन्ही बायका वितळून एकच ढीग झाला होता, मुसळ दाराच्या चौकटीत जाऊन बसलं होतं आणि भिंतीच्या पोपड्याला मात्र चांगलं नाक-तोंड फुटलं होतं. "त्याला माणूस कुठलं आणि भित्ताड कुठलं कळत न्हाय," सोमेश म्हणाला. "हातानंच ओढाय पायजे. तुम्ही सांगत ऱ्हावा, मी ओढतो."

मग काय, बाळाबाई सुटली. ही निरी, हा काष्टा, ही आत्याबाईंची बुगडी. हे काळं काय? ती सावली नव्हं बाबा, तो मिरच्यांचा ढीग. आत्याबाईंचा डावा हात कमरंवर हाय बघ, त्यास्नी एका हातानं कांडायची सवय. सोमेश एकेक रेघ ओढत होता, ताणत होता, वाकवत होता. तानाबाई झाली. उखळ झालं. आणि मग फोटोतल्या चौकोनांच्या गिचमिडीतून हळूहळू दुसरी बाई वर आली. पाठ ताठ, मान किंचित कलती, ओठ मिटलेले. बाळाबाई बघतच राहिली. एवढी देखणी हुतो मी? आरशानं कधी सांगितलं नाही, आणि ज्यानं सांगितलं असतं तो फोटो काढून निघून गेला.

शेवटी हात आला. हात उखळात गुंतलेला, म्हणून सोमेशनं तो उखळाबरोबरच ओढला. सवयीनं पाच बोटं काढली.

"थांब," बाळाबाई म्हणाली. "बोटं मोज."

"का वं?"

तिनं उजवा हात पडद्यासमोर धरला. सोमेशनं हात बघितला, फोटो बघितला, परत हात बघितला. पोरगं खरंच ओशाळलं. "मला वाटलं फोटो खराब हाय तिथं."

"फोटो नामी हाय. बोटच न्हाय."

त्यानं ते बोट पुसलं आणि बुडाशी अर्ध्या पेराचा उंचवटा नीट काढला. बाळाबाईला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते बोट गेल्यापासून कुणी त्याच्याकडं एवढं बारीक बघितलं नव्हतं. तिनं सोमेशला चहा सांगायला लावला आणि हट्टानं पैसे स्वतः दिले.

चहाचे कप खाली ठेवताहेत तोवर राजवीर आला. कानाला फोन, नजर पडद्यावर. फोन ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाला, "वा! आज्जी लई भारी आलीय की रं सोमेश!" मग मान तिरकी केली. "ही दुसरी बाई काढ."

दुसरी बाई. तिच्या समोर, तिच्याच कानांवर!

"आरं, दुसरी म्हंजे कोण?" बाळाबाई म्हणाली. "मी हाय ती."

"तसं न्हवं, मोठी आई. बारक्या पुडीवर लई गिचमिड हुतंय. आणि जाहिरातवाल्यानं सांगितलंय, एकच चेहरा पायजे. नाव तानाबाई, चेहरा तानाबाई. लोकांच्या डोक्यात एकच बसतंय."

"दोघी ऱ्हाणार म्हणालातास."

"तवा मला कुठं म्हाईत हुतं? आता ह्यात वाईट वाटून घ्यायचं काय हाय? तू हाईसच की आमच्या मनात."

"मनात नगं मला. पाकिटावर ऱ्हाऊ दे."

सोमेशनं घसा खाकरला. "सर, दोघी असल्या तर चित्राला अर्थ हाय. बारक्या पुडीसाठी वायलं करून देतो मी."

"तू रेघा ओढ की मर्दा. धंदा मी बघतो."

सोमेशनं एकदा बाळाबाईकडं बघितलं. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, एका थरात तानाबाई, एकात उखळ, एकात बाळाबाई; पडद्याच्या कडेला प्रत्येक थरापुढं एक बारका डोळा होता, तो मिटला की तो थर दिसेनासा. त्यानं त्यातला एक मिटवला, आणि दुधातली माशी काढावी तशी ती बाई चित्रातून गेली. आवाज नाही, काही नाही. ताठ पाठ गेली, कलती मान गेली. राहिला तो उखळातला हात, कारण तो उखळाच्या थरात होता.

राजवीर हरखला. "आरं, ह्यो हात ऱ्हाऊ दे! झ्याक दिसतोय. आज्जीचा कमरंवरचा हात पूस आणि हा तिला जोड. एक हात मुसळावर, एक हात उखळात. कसं एकदम कामाची बाई वाटती!"

"आरं मुडद्या," बाळाबाईच्या तोंडून निघालंच, "आपल्याच मुसळाखाली आपलाच हात कुठली बाई घालती रं? एकटीनं असं कांडत्यात व्हय?"

"कुणाला कळतंय, मोठी आई? आता कांडतंय कोण?" तो हसत म्हणाला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच तर वाईट होतं. मग तो पडद्याजवळ वाकला. "आणि हे बोट का तुटकं काढलंयस? आज्जीला पाची बोटं धड हुती. नीट कर ते."

सोमेशचा हात थांबला.

"कर की."

त्या अर्ध्या पेराच्या उंचवट्याला धरून सोमेशनं रेघ बाहेर ओढली. बोट वाढलं. गोल, गुळगुळीत, नखासकट. बाळाबाईचा हात तिच्या डोळ्यांदेखत धड झाला आणि त्याच क्षणी तो तिचा राहिला नाही.

ती उठली. पिशवी छातीशी धरून म्हणाली, "माझा फोटो न्हाय द्यायचा मला. ह्या चित्राला फोटो न्हाय माझा. चल, घरला चल."

मग राजवीर समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आगं, फोटो तुझ्याजवळच हाय की. तो मशिनीत गेला तवाच काम झालं. आता त्याचं काय बी काम न्हाय. ने घरला, ठेव जपून."

गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात ते हेच. इतकी वर्षं शालूच्या घडीत राखण केली ती कागदाची. चित्र कधीच निघून गेलं होतं, आणि तिनंच आपल्या हातानं ते काचेवर उपडं घातलं होतं. सोमेश दारापर्यंत सोडायला आला, मान खाली घालून "आक्का," एवढंच म्हणाला. ती न थांबता गाडीत जाऊन बसली.

जाताना राजवीरनं वाटेत गाडी थांबवून तिला उसाचा रस पाजला. "रागावलीस व्हय?" तिनं मान हलवली. रस गोड होता. तिनं सगळा पिला, कारण टाकून द्यायची सवय तिला नव्हती.

कारखान्याच्या उद्घाटनाला अख्खं गणगोत लोटलं. दारावर बोर्ड चढला होता, घराएवढा. सोमेश बोलला होता ते खरं निघालं, रेघ कुठंच मोडली नव्हती. तानाबाई आभाळाएवढी उभी होती, एक हात मुसळावर, दुसरा खाली उखळात, आणि त्या हाताला पाच बोटं. पाव्हणे मान वर करून बघत होते आणि वाहवा करत होते. एकाच्याही मनात आलं नाही की ही बाई दुसऱ्या घावाला स्वतःचाच हात चेचून घेईल.

घरातलं जुनं उखळ आणून बोर्डाखाली ठेवलं होतं, झेंडूच्या माळा घालून. राजवीरची बायको मोना नऊवारी नेसून मुसळ घेऊन उभी राहिली. पहिला घाव घरच्या सुनेचा, बघण्यासारखा कार्यक्रम, मोबाईल वर झालेले. उखळात मिरच्या पडल्या. मोनानं मुसळ उचललं आणि अर्ध्यावर थांबली. पोरगी शहरातली असली तरी एवढं तिलाही कळलं. "आत हात कोण घालणार?" ती म्हणाली.

फोटोवाला म्हणाला, "व्हय, कुणीतरी बसा की खाली. नुसतं मोकळं मोकळं दिसतंय."

कुणी बसेना. नटूनथटून आलेल्या बायका एकमेकींकडं बघून मागं सरकल्या. मुसळाखाली हात घालायचं म्हणजे चेष्टा नाही. राजवीरची नजर गर्दीतून फिरली आणि मागं भिंतीशी उभ्या असलेल्या बाळाबाईवर येऊन थांबली.

"मोठी आई! आगं, ये की. बस हितं. तुझ्याबिगर कुणाला जमतंय?"

अख्खी गर्दी वळली. वाट झाली. बाळाबाई त्या वाटेनं उखळापर्यंत आली. मिरच्या बेडगीच्या होत्या, देठ नीट खुडलेले नव्हते, हे तिला जाता जाता दिसलं. तिनं मान वर करून बोर्ड बघितला. मग उजवा हात पदरात गुंडाळून घेतला.

"मला का बोलावतोयस?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत गेला. "तिला बोलीव. वर पाच बोटांची बसवलीयास न्हवं, तिला म्हणावं, घाल हात."

राजवीरचं तोंड उतरलं. पण धंद्यातला माणूस तो, लगेच हसला आणि पाव्हण्यांकडं वळून म्हणाला, "वय झालंय वं त्यांचं. चालतंय. मोना, तू मार. फोटोपुरतं."

मोनानं मारलं. जे व्हायचं तेच झालं. पहिल्या घावाला मिरची उडून नऊवारीवर, दुसऱ्या घावाला पाव्हण्यांच्या पायांवर. तिसऱ्याला बी आणि भुकटीचा लोट असा उठला की सगळा मांडव खोकायला लागला. कुणी डोळे चोळतंय, कुणी पाणी मागतंय, सनईवाला सनई टाकून बाहेर पळाला. आत मोठ्या मशिनी चालू झाल्या होत्या, त्यांना कुणाचा हात लागत नव्हता.

बाळाबाई भिंतीशी परत येऊन उभी राहिली. पदराच्या आत तिचा हात सारखा पुढं जाऊ बघत होता, सांडलेलं लोटायला. ती तो दाबून धरत होती. शेजारी कारखान्यात नव्यानं कामाला लागलेली झुंबरबाई खोकत उभी होती. डोळे पुसून तिनं वर बघितलं आणि कौतुकानं म्हणाली, "काय बी म्हणा आक्का, तुमच्या सासूचा हात लई झ्याक काढलाय. जितंजागतं बोट अन् बोट दिसतंय."

"व्हय," बाळाबाई म्हणाली. "बाकी समदं काढून घेतलं. बोट तेवढं जोडून दिलं."

झुंबरबाईला त्यातलं काही कळलं नाही. ती पदरानं नाक पुसत जेवणाच्या पंगतीकडं निघाली.